भट्टी कां विझते?



आज आपणांस एका विझणाऱ्या भट्टीची हकीकत सांगावयाची आहे. विषय लहान आहे, आणि बोलणारा मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शाळामास्तर आहे. इंजिनियर नाहीं, शास्त्रज्ञ तर नाहींच नाहीं. परंतु ज्या घरांत गॅसची शेगडी आहे आणि तिच्या डोक्यावर धूर ओढून घेणारी विजेची 'चिमणी' बसविलेली आहे, अशा प्रत्येक घराशीं या हकीकतीचा संबंध पोंचतो. अशीं घरें आतां मोठ्या शहरांतच आहेत असें राहिलेलें नाहीं. आमच्या लासूर स्टेशनासारख्या, रेल्वेच्या फलकावरून नांव मिळालेल्या गांवींहि तीं झालीं आहेत.

आमची सूनबाई घरींच नानकटाई, पाव आणि वाढदिवसाचे केक करून विकते. त्यासाठीं तिनें स्वतःच्या मिळकतींतून गॅसवर चालणारी एक भट्टी घेतली. स्वयंपाकघर दहा फूट लांब, आठ फूट रुंद. एका भिंतीला शेगडी, तिच्या शेजारीं भट्टी, आणि दोहींच्या वर चिमणी. समोरच्या भिंतीला माजघरांत उघडणारें दार. उरली एक खिडकी, ती रस्त्याच्या बाजूची. गेल्या दिवाळीपूर्वीं घराची डागडुजी केली, तेव्हां जुनी लांकडी, फटींची खिडकी काढून तेथें रबराची पट्टी असलेली सरकती कांचेची खिडकी बसविली. धूळ पिठांत पडूं नये हा हेतु. त्याच आठवड्यांत चिमणीहि आली. घर कसें चकचकीत झालें! आणि त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं भट्टी विझूं लागली.

ती रोज विझत नसे, हीच मोठी अडचण. पेटविल्यावर पांच-दहा मिनिटें ज्योत नीट चाले, मग आंतून 'टक्' असा बारीक आवाज येई आणि भट्टी थंड. नानकटाईचे चार-चार ताट बसून जात. सूनबाई पुन्हां पेटवी, पुन्हां तेंच. कारागीर बोलवावा तर त्याच्यासमोर भट्टी तासभर एखाद्या शहाण्या मुलासारखी जळत राही. पहिल्या कारागिरानें बर्नरचीं छिद्रें साफ केलीं. दुसऱ्यानें टाकीवरचा रेग्युलेटर बदलला आणि नवी नळी घातली. दोघांनींहि पैसे घेतले. काम खोटें केलें असें मी म्हणणार नाहीं, कारण त्या गोष्टी एकदां पाहून घ्यावयास हव्याच होत्या. पण दोष जागच्या जागीं राहिला.

मीं काय केलें? मीं सूनबाईला दोष दिला. "तूं खटका पुरता दाबून धरीत नाहींस, हात लवकर काढतेस," असें मीं तिला दोनदां सांगितलें, आणि तेंहि शेजारच्या बाईसमोर. चाळीस वर्षें मुलांच्या चुका काढण्याची संवय जडलेली; घरांत चूक दिसली कीं ती कोणाच्या तरी नांवावर मांडल्याशिवाय चैन पडत नाहीं.

तिसरा कारागीर आला तो एका लग्नाच्या मागणीच्या आदल्या दिवशीं. बारा किलो नानकटाई द्यावयाची होती. त्यानें भट्टीच्या तळाचें झांकण काढलें, ज्योतीजवळची एक तांब्याची बारीक तार दाखविली आणि म्हणाला, "मास्तर, सगळी भानगड या तारेची आहे. ही काढून झडप कायमची उघडी करून देतों. मग कितीहि वेळ चालवा, विझायची नाहीं." मी 'हो' म्हणण्याच्या बेतांत होतों. उद्यांची मागणी डोळ्यांपुढें नाचत होती.

सूनबाई मध्येंच म्हणाली, "मामा, ती तार काढायची नाहीं. तार बिघडली असती तर रोजच विझली असती."

आणि तिनें आपली हिशेबाची वही माझ्यापुढें ठेवली. त्या वहींत प्रत्येक मागणीच्या शेजारीं, भट्टी विझली असल्यास त्याची वेळ लिहिलेली होती. परीक्षकाच्या नजरेनें मीं तीं पानें चाळलीं. एकोणीस नोंदी. सगळ्या सकाळीं नऊ ते साडेअकराच्या दरम्यानच्या. दुपारची एकहि नाहीं, आणि ती दुपारींहि भाजीत असे. मग सकाळीं असें काय होतें, जें दुपारीं नसतें? सकाळीं शेजारच्या शेगडीवर भाजी-आमटी होते, फोडणी पडते, आणि फोडणीचा खाट घशांत जाऊं नये म्हणून चिमणी सर्वांत जोराच्या बटणावर चालते. कारागीर येई तेव्हां मात्र ज्योतीचा आवाज नीट ऐकूं यावा म्हणून चिमणी बंद केलेली असे!

मीं कारागिराला चहा दिला आणि तार न काढतां परत पाठविलें.

त्यानंतरचा प्रयोग अगदीं साधा होता. देव्हाऱ्यांतून एक उदबत्ती आणली. चिमणी बंद ठेवून ती दाराच्या उंबऱ्याशीं धरली. धूर सरळ वर गेला. मग दार लोटलें, खिडकी बंदच होती, आणि सूनबाईनें चिमणी जोरांत लावली. आतां धूर वर जाईना. दाराखालच्या अर्ध्या इंचाच्या फटींतून येणाऱ्या वाऱ्यानें तो आडवा पडला आणि जमिनीसरसा धांवत थेट भट्टीच्या पायांत शिरला. तळाच्या झरोक्यांतून आंत पाहिलें तों ज्योत एका अंगाला वांकलेली, छिद्रांपासून किंचित् उचललेली, आणि त्या तांब्याच्या तारेला स्पर्शहि करीत नव्हती. चार मिनिटांनीं 'टक्'. खिडकी वीतभर उघडून पुन्हां पेटविली. ज्योत सरळ उभी राहिली ती राहिलीच. खिडकी लावली, पुन्हां 'टक्'. असें तीनदां केलें. एकदां घडलेल्या गोष्टीला पुरावा म्हणूं नये, हें मीं वर्गांत अनेकदां सांगितलेलें होतें.

ही तार म्हणजे आहे तरी काय? तिला थर्मोकपल म्हणतात. दोन निराळ्या धातूंचा सांधा तापविला असतां त्यांत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो, हें सेबेक नांवाच्या शास्त्रज्ञानें १८२१ सालीं दाखवून दिलें. भट्टीच्या ज्योतींत हा सांधा तापत राहतो. त्यांतून निघणारा दाब वीस-तीस मिलिव्होल्टांचाच असतो, पण तेवढ्यानें एक लहानसा विद्युच्चुंबक गॅसची झडप उघडी धरून ठेवतो. ज्योत गेली, सांधा निवाला, कीं थोड्याच वेळांत चुंबकाची पकड सुटते आणि झडप मिटते. तोच तो 'टक्'. अर्थात् ती तार आपलें काम चोख करीत होती. ज्योत तिला सोडून बाजूस गेली म्हणजे तिनें गॅस बंद करावयाचाच. ती काढून टाकली असती, तर वाऱ्यानें ज्योत पुरती विझल्यावर गॅस तसाच वाहत राहिला असता. स्वयंपाकाचा गॅस हवेहून जड. प्रोपेन सुमारें दीडपट, ब्युटेन सुमारें दुप्पट. तो उडून जात नाहीं, जमिनीशीं सांचतो, आणि शेजारीं दीड हातावर शेगडी पेटलेली! आपल्या हातून काय होणार होतें या विचारानें मला त्या रात्रीं झोंप आली नाहीं.

आतां थोडें गणित. आमच्या चिमणीच्या कागदावर तिची शक्ति तासाला एक हजार घनमीटर हवा, अशी लिहिलेली आहे. दहा फूट लांब, आठ फूट रुंद, दहा फूट उंच खोलींत आठशें घनफूट, म्हणजे सुमारें तेवीस घनमीटर हवा मावते. म्हणजे ही चिमणी पूर्ण शक्तीनें चालली तर खोलींतील सगळी हवा दीड मिनिटाच्या आंत बाहेर फेंकील. आणि ज्योतीला स्वतःला हवा किती लागते? एक किलो गॅस पुरता जळावयास सुमारें बारा घनमीटर हवा पुरते. भट्टीचा बर्नर तासाला दीडशें ग्रॅम गॅस खातो असें धरलें, तर दोन घनमीटरांच्या आंतबाहेर हिशेब भागतो. ज्योतीला हवें दोन, चिमणी मागते हजार! ज्योत हवेच्या दुष्काळानें मरत नव्हती. दुसऱ्याच्या हव्यासानें उठलेल्या वादळांत सांपडली होती.

बाहेर जाणारी हवा कोठून तरी आंत आलीच पाहिजे. खिडकीला रबर, दार लोटलेलें. मग उरते ती दाराखालची फट: तीन फूट लांब, अर्धा इंच उंच, म्हणजे अठरा चौरस इंच. कोंडलेल्या खोलींत चिमणीची शक्ति फार घटते. ती पांचवा हिस्साच उरली असें मानलें, तरी दोनशें घनमीटर हवा तासाभरांत त्या अठरा इंचांतून यावयाची. भागाकार केला असतां सेकंदाला चार-पांच मीटर वेग येतो. भरधाव सायकलीवर तोंडावर येणारा वारा तो हाच. तो भट्टीच्या पायांत शिरल्यावर ज्योतीनें उभें कसें राहावें?

मला लाज वाटली ती येथें. एका पेटींत दोन उभ्या कांचेच्या नळ्या, एकीखालीं पेटती मेणबत्ती, दुसरीच्या तोंडाशीं धुमसती वात धरावयाची. धूर खालीं ओढला जाऊन मेणबत्तीवरून वर जातो, हा प्रयोग मीं किती तुकड्यांना दाखविला असेल! 'हवा एका वाटेनें जाते तेव्हां दुसऱ्या वाटेनें येते,' हें वाक्य मुलांकडून पाठहि करून घेतलें. आणि माझ्या घरांत तोच प्रयोग महिनेच्या महिने चालला असतां मी सुनेच्या हाताकडे बोट दाखवीत होतों.

आमचे पूर्वज याबाबत अधिक सावध होते असें म्हणावेंसें वाटतें. धाब्याच्या घराला चुलीच्या वर साणें ठेवलेलें असे आणि परसदार सहसा मिटत नसे. वरून धूर जाई, खालून वारा येई. तरी जुन्याचा फार गौरव नको. त्या साण्यातून निम्मा धूर जाई आणि निम्मा आईच्या डोळ्यांत राही. फुंकणीनें फुंकतां फुंकतां तिचे डोळे लाल झालेले मीं पाहिले आहेत. वर्ध्याच्या मगनवाडींत, जेथें १९३४ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचें ठाणें होतें, तेथें 'मगन चूल' तयार झाली ती याच दुःखावर उपाय म्हणून: चुलीचा धूर नळानें घराबाहेर नेणारी. औरंगाबादच्या प्रसिद्ध नानाची भट्टी पाहिली आहे काय? तिच्याहि तळाशीं वाऱ्याचें भोक असतें, आणि तें केव्हां किती उघडावें यांत कारागिराचें निम्मे कसब. आमच्या मीटरगेजवरचीं वाफेचीं इंजिनें तर या शास्त्राचीं चालतीं उदाहरणें. वापरून झालेली वाफ धुराड्यांतून जोरानें सोडावयाची. तिच्या ओढीनें विस्तवांतून हवा खेंचली जाई. ड्रायव्हरनें वाफ एकाएकीं बंद केली आणि ब्लोअर उघडावयास विसरला, तर ज्वाळा मागें फिरून भट्टीच्या दारांतून बाहेर येत. लहानपणीं प्लॅटफॉर्मवर उभें राहून मीं फायरमनला घाईनें मागें सरतांना पाहिलें आहे. ओढ कोणीकडे आहे यावर सगळें अवलंबून.

हें मागें फिरणें आमच्या घरांतहि चाललें होतें, आणि तें भट्टीपेक्षां भयंकर होतें. आमच्या न्हाणीघरांत गॅसवर पाणी तापविण्याचा गीझर होता. त्याचा जळका वायु भिंतींतून एका नळीनें बाहेर जाई. थंडीच्या दिवसांत सगळ्या खिडक्या बंद, सकाळीं चिमणी चालू, आणि त्याच वेळीं आमच्या घरांतून न्हाणीघरांत गेलेल्या. दोनतीन वेळां त्या बाहेर आल्या तों डोकें धरून, घेरी येते म्हणून. आम्हीं तें उपवासाचें पित्त समजलों. उदबत्तीचा प्रयोग यशस्वी झाल्यावर मला सहज सुचलें म्हणून, गीझर बंद असतांना, घराबाहेर जाऊन त्या नळीच्या तोंडाशीं उदबत्ती धरली. आंत चिमणी चालू होती. धूर सरळ नळींतून आंत गेला! जी वाट जळका वायु बाहेर नेण्यासाठीं केलेली, तिनेंच चिमणी घरांत हवा ओढीत होती. तेवढ्या आंखूड नळींतल्या ऊन हवेची वर चढण्याची ओढ ती किती? पाण्याच्या स्तंभानें मोजली तर अर्धा मिलिमीटरहि नव्हे. विजेच्या पंख्यापुढें तिचा काय पाड!

जळलेली हवा पुन्हां ज्योतीच्या वाट्याला आली कीं ज्वलन अपुरें होतें आणि कार्बन मोनॉक्साइड हा वायु वाढूं लागतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनाला तो प्राणवायूपेक्षां दोनशेंपटींहून अधिक आसक्तीनें चिकटतो. डोकें दुखणें, मळमळणें, घेरी येणें, ही त्याची सुरुवात. पुढें माणूस दार उघडण्याइतकाहि शुद्धीवर राहत नाहीं. बंद न्हाणीघरांत गॅसच्या गीझरमुळें माणसें दगावल्याच्या बातम्या दर हिवाळ्यांत आपण वाचतों आणि पान उलटतों. आमच्या घरची घेरी याच कारणानें होती असें मी शपथेवर सांगणार नाहीं. गीझर त्याच संध्याकाळीं बंद केला, पुढें तो परसांत उघड्या जागीं हलविला, आणि ती घेरी पुन्हां आली नाहीं, एवढें सांगतों.

ज्यांच्या घरीं अशी भट्टी वा शेगडी आहे त्यांनीं कारागिराला बोलावण्यापूर्वीं चिमणी चालू असतांना आणि बंद असतांना ज्योत पाहावी. दोन्ही वेळां पिवळी, काजळी धरणारी असेल तर दोष बर्नरचा किंवा त्याच्या हवेच्या झडपेचा समजावा. चिमणी बंद असतांना निळी व स्थिर, आणि चालू करतांच वांकडी किंवा उचललेली दिसली, तर बर्नरला हात न लावतां खिडकी उघडून पाहावी. चिमणीची जाळी तुपकट होऊन बुजली असेल तर लोक तिचा जोर वाढवितात. त्याऐवजीं जाळी धुवावी. जी चिमणी हवा बाहेर न टाकतां कोळशांतून गाळून पुन्हां खोलींतच सोडते, तिच्यामुळें हा दोष उद्भवत नाहीं, मात्र जळका वायुहि तिनें बाहेर जात नाहीं, म्हणून खिडकी तेथेंहि हवीच. आणि गॅसचा वास आल्यास टाकीचा रेग्युलेटर बंद करून दारें-खिडक्या उघडाव्या. वास घालविण्यासाठीं चिमणीचें बटण मात्र चुकूनहि दाबूं नये, कारण ठिणगी त्याच बटणांत असते. मग घराबाहेर येऊन १९०६ या क्रमांकावर दूरध्वनि करावा.

हा प्रश्न घरगुती भट्ट्यांपुरताच राहणार नाहीं असें दिसतें. जानेवारी २०२५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें शहरांतील लांकूड-कोळशाच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा तत्सम स्वच्छ इंधनाकडे वळण्यास सांगितलें. हवेसाठीं तें ठीकच झालें. परंतु जुन्या बेकरीला तिचें उंच धुराडें आणि उघडी दारें होतीं. नव्या भट्ट्या कांचेच्या बंद खोलींत, मोठ्या पंख्याखालीं बसतील. पंखा निवडतांना तो हवा किती ओढतो हें सगळे विचारतील. ती आंत कोठून येणार, हें विचारणारा एखादाच निघेल.

आमच्याकडचा शेवटचा उपाय गवंड्यानें अर्ध्या दिवसांत केला. भट्टीच्या समोर नव्हे, तर बाजूच्या भिंतींत, जमिनीपासून वीतभर उंचीवर, एक फूट लांब व नऊ इंच उंच असा झरोका पाडला. एकशें आठ चौरस इंच; दाराखालच्या फटीच्या सहापट. आतां चिमणी मोकळा श्वास घेते, त्यामुळें पूर्वींपेक्षां जास्त हवा ओढते हें खरें, तरी उंबऱ्याशीं धरलेल्या उदबत्तीचा धूर नुसता कलतो, धांवत नाहीं. चिमणी दुसऱ्या बटणावर ठेवतों. फोडणीला तेवढी पुरते. लग्नाची बारा किलो नानकटाई मात्र झरोक्यापूर्वींची; ती सूनबाईनें खिडकी सताड उघडी टाकून, चिमणी बंद ठेवून, रात्रीं दोनपर्यंत जागून पुरी केली. मी ताटें उचलून देत होतों. त्या रात्रीं मीं तिला, "माझें चुकलें," असें म्हटलें. ती म्हणाली, "मामा, ते ताट जरा सरळ धरा."

शेजारच्या बाईला मात्र मीं तें दुसऱ्या दिवशीं मुद्दाम जाऊन सांगितलें.

झरोक्याला बाहेरून बारीक तारेची जाळी मारलेली आहे, कारण पहिल्याच आठवड्यांत तेथें खऱ्या चिमण्यांनीं काड्या आणावयास सुरुवात केली होती. कापसाच्या दिवसांत त्या जाळीवर तंतु आणि धूळ बसून ती पंधरा दिवसांत निम्मी बुजते. दर अमावास्येला व पौर्णिमेला ती ब्रशानें झाडण्याचें काम माझ्याकडे आहे, आणि झाडल्याची तारीख सूनबाईच्या वहींत लिहावी लागते.